बंद पट्ट्याची राखण

राखणीची शिट्टी माझ्या गळ्यात पडली ती माझ्या आवाजामुळे. बैठकीत होडीवाले काका म्हणाले, "हिला शिट्टी तरी कशाला? ही नुसती ओरडली तर पलीकडच्या काठावरचा माणूस हातातलं टाकून पळेल." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, तोंडावर हात धरून. घरी गेल्यावर मी त्यांना चहा दिला नाही, मग कळलं त्यांना हसण्याचं मोल.

पण काम मी घेतलं. घेण्यासारखंच होतं. आमच्या खाडीत पूर्वी जिथं पाय ठेवाल तिथं शिंपल्या लागायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उतरायच्या, बायकांशी गप्पा मारत मारत पायाच्या बोटांनी वाळू चाचपायच्या, आणि शिंपली लागली की बोलणं न थांबवता वाकून उचलायच्या. कमरेची झोळी भरली की वर. डोळ्यांचं त्यात काही कामच नव्हतं. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा पायाला काय लागतंय तेच कळेना. दगड उचलून झोळीत टाकले. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी भिंत बांधायची आहे का?"

मग बाहेरच्या होड्या यायला लागल्या. लोखंडी दंताळं मागं बांधून तळ खरवडत न्यायचे. मोठं, लहान, नखाएवढं, काही सोडलं नाही. त्यांचं बघून आपली माणसंही हावरी झाली. आपण नाही काढलं तर तेच नेणार, असं म्हणत जो तो तुटून पडला. बघता बघता खाडी नुसत्या चिखलाची उरली. वळणावरचा एक पट्टा तेवढा शिल्लक राहिला, तोही कसाबसा.

म्हणून गावाने तो बंद केला. चार कोपऱ्यांना खुंट ठोकले. पावसाळा सरून पाणी नितळलं की पट्टा उघडायचा आणि सगळ्यांनी मिळून, मोठ्या बघून, बेताने काढायच्या. तोवर आत कुणी उतरला तर त्याच्या घराने उघडल्यावरही वर्षभर पट्ट्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर आणखी एक नियम होता. नुसतं बघायला म्हणूनही आत पाय टाकायचा नाही.

हा शेवटचा नियम आमच्या सासूबाईंचा. बैठकीत पदर खोचून उभ्या राहिल्या. "बघायला म्हणून जातात आणि झोळी भरून येतात. मी काय आज ओळखते सगळ्यांना? पाय नाही म्हणजे नाही. माझा पाय असला तरी नाही." काकांनी मान डोलावली. आमची केवढी मान ताठ झाली होती त्या दिवशी!

या नियमात पहिली सापडली ती तुरतुरी. आमच्या मागच्या आळीची, तुरुतुरु चालते म्हणून हे नाव. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती, तिच्या अंगावर दूध येईना, शिंपल्यांच्या पाण्याने येतं म्हणून ही पहाटेच्या धुक्यात उतरली आणि पकडली गेली. पकडणारी मी नव्हे. तेव्हा राखणीला दुसरा होता. पण तिला बैठकीत ओढून आणलं तेव्हा सासूबाईंनी तिची झोळी सगळ्यांसमोर उलटी केली. मूठभर शिंपल्या जमिनीवर पडल्या. तुरतुरी खाली बघत होती. तिच्या घराचा हक्क गेला. तिचा मुलगा बायको-पोराला ठेवून विटांच्या भट्टीवर कामाला गेला. तेव्हापासून ती आमच्या दारावरून जायची तर मान दुसरीकडे वळवून.

असो. माझी राखण म्हणजे काठावरच्या मचाणावर बसायचं, ऊन खायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं. बाहेरची होडी खुंटांच्या जवळ सरकली की शिट्टी. शिट्टी ऐकली की माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीवरून आमचे हे आणि दोघं-तिघं वल्ही मारत येणार. एकदा होडीतला एक जण जाता जाता ओरडला, "वहिनी, शिट्टी झकास वाजवता. माझ्या लग्नात वाजवायला या!"

"येते की," मी ओरडले. "पण तुला मुलगी देणार कोण, ते आधी बघ!"

त्याचे सोबतीच त्याला हसले. होडी वळली. मी मात्र शिट्टी तोंडात धरली ती होडी दिसेनाशी होईपर्यंत. होडीत तिघं धटिंगण आणि मचाणावर मी एकटी. बोलायला काय जातं?

ओहोटी लागली की सासूबाई यायच्या, कधी लवकर, कधी उशिरा. "जा, जेवून ये. मी बसते." आधी मला वाटलं, सूर्य कुठून उगवला? कारण या बाईने मला कधी आयता पाण्याचा तांब्या दिला नव्हता. पण वय झालं की माणूस मऊ होतं म्हणतात, तसं असेल. मी शिट्टी त्यांच्या गळ्यात घालायची आणि घरी जायची.

घरी मामंजी खाटेवर. हिवाळ्यात त्यांचं अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. उजवा हात चालायचा, डोळे चालायचे, आणि हट्ट दुप्पट चालायचा. खाणं म्हणजे रोजची लढाई. पातळ भात भरवायला गेलं की ओठ असे मिटायचे, की चमचा काय, सुईसुद्धा जायची नाही. मी भरवून बघितलं, ह्यांनी बघितलं, डॉक्टरने दटावून बघितलं. माणूस वाळत चालला. जन्मभर ज्या माणसाने रोज शिंपल्यांचं पाणी प्यायलं त्याला दुसरं काही गोड लागेना. एकदा ह्यांनी बाजारातून शिंपल्या आणल्या, कुठल्या दूरच्या, बर्फातल्या. उकळून पाणी दिलं तर मामंजींनी माझ्या पदरावर थुंकलं.

आणि मग अचानक ते खायला लागले. सासूबाई संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून हाकलायच्या, "तू जा, अंगण झाड," आणि स्वतः वाटी घेऊन खाटेजवळ बसायच्या. वाटी रिकामी. गालांवर जरा मांस आलं. हे म्हणाले, "आईच्या हाताची चव आहे." मला ते लागलं. मी काय विष घालत होते? पण म्हातारा जगतोय ना, मग कुणाच्या का हाताने, असं म्हणून गप्प बसले.

मला शंका आली ती सासूबाईंच्या पायांवरून. त्या दिवशी त्या ओट्यावर बसून टाचा घासत होत्या. नखांत काळं होतं. साधा चिखल नव्हे; कुजका, वास मारणारा, तव्याच्या बुडासारखा काळा.

"आई, हे काय?"

"गटारात पाय गेला."

"दोन्ही?"

"दोन पायांचं माणूस गटारात एकच पाय घालतं का?"

मला हसू आलं आणि मी विसरले. खरंच विसरले. पण दुसऱ्या दिवशी जेवायला निघाले आणि वाटेत चपलेचा अंगठा तुटला, म्हणून परत फिरले. मचाण रिकामं. शिट्टी खुंटीला टांगलेली. आणि खुंटांच्या आत, कमरेइतक्या पाण्यात, सासूबाई उभ्या. आभाळाकडे बघत होत्या. नुसतं खांद्यांवरून कळत होतं की खाली पाय काम करताहेत. मग वाकल्या, हात पाण्यात गेला, वर आला, कमरेशी गेला. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली बाई, पण काय ते सफाईदार वाकणं!

मी शिट्टी तोंडात घेतली होती. वाजवली असती तर तरीवरून त्यांचाच मुलगा वल्ही मारत आला असता. मी ती तशीच खाली सोडली आणि काठापर्यंत गेले.

"आई."

त्या दचकल्या नाहीत. हळू वर आल्या, ओलं लुगडं पिळलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. झोळीत पाच-सहा शिंपल्या.

"एवढ्याच," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वाटीपुरत्या. एक जास्त कधी नाही."

"आणि माझ्या राखणीत! माझ्या! उद्या कुणी पाहिलं असतं तर लोक म्हणाले असते, सून शिट्टी घेऊन बसते आणि सासू झोळी भरते. तुरतुरीची झोळी तुम्ही उलटी केली होती, आई. सगळ्यांसमोर."

"माहीत आहे."

"मग लाज नाही वाटली?"

असं मी सासूला बोलेन हे मला स्वतःलाच खरं वाटेना. त्या खाली वाळूवर बसल्या. पाय लांब केले. गुडघ्यापर्यंत तोच काळा चिखल.

"लाजेचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "हा चिखल बघ. वरच्या अंगाचा बांध फुटला तेव्हा आलाय हा. पाणी वरून नितळ दिसतं, पण खाली वीतभर बसलाय. शिंपल्या गुदमरून मरताहेत. पहिल्या दिवशी दहांत एक मेलेली लागायची पायाला, उघडी, कडा कापणारी. आता अर्ध्या मेलेल्या लागतात. ऊन अजून वाढेल. पावसाळ्यापर्यंत उघडायला काही उरायचं नाही, नुसती कवचं."

मी पाण्याकडे बघितलं. स्वच्छ, चमकणारं पाणी. इतके दिवस मी डोळ्यांत तेल घालून राखत होते ते काय, मढं? आत पाय टाकायला बंदी, म्हणून आत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक होतं ते फक्त चोराला.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुला कसं कळलं, असं विचारतील."

संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. ह्यांचा चेहरा उतरला. आमची सगळी भिस्त पट्टा उघडण्यावर होती. तरीवर मिळतं त्यात चूल पेटते, बाकी काही नाही. आणि मामंजींचं खाणं तर पट्ट्यातच होतं. हे म्हणाले, "आपण गप्प बसू. मरणार असतील तर सगळ्यांच्याच मरतील. निदान तोंड तरी काळं होणार नाही."

"अरे, वाचवता येतील," सासूबाई म्हणाल्या. "खाडीच्या मुखाकडची वाळू स्वच्छ आहे. जिवंत आहेत तेवढ्या उचलून तिकडे पेरल्या तर धरतील जीव. पण गाव लागेल. आणि आत्ता लागेल."

"मग मी सांगते," मी म्हणाले. "मी उतरले असं सांगते. राखणदार आहे, पाहायला उतरले."

"तू दगड उचलतेस," सासूबाई म्हणाल्या. "कोण विश्वास ठेवेल?"

एवढं सगळं चालू असताना आम्ही हसलो. मग त्या उठल्या, झोळीतल्या शिंपल्या उकळल्या आणि वाटी घेऊन मामंजींकडे गेल्या. त्या दिवशी मला बाहेर हाकललं नाही.

सकाळी बैठक बसली. होडीवाले काकांनी ऐकलं आणि हात झटकला. "काहीतरीच. पाणी आरशासारखं आहे. कुणी सांगितलं तुला?"

"मी उतरले होते," सासूबाई म्हणाल्या. "रोज. सून जेवायला गेली की. तिला ठाऊक नव्हतं. काढल्या आणि घरी नेल्या."

हे भिंतीकडे बघत होते. माझे कान तापले. उंबऱ्याजवळ तुरतुरी बसली होती; हक्क गेलेल्या घरांना आत बसता येत नाही. ती हसली. मोठ्याने नाही, नाकातून.

काका खाकरले. "बरं, घरात आजारी माणूस आहे. वयाचा मान आहे. या खेपेला..."

"माझ्या घरात ओली बाळंतीण होती," तुरतुरी म्हणाली. "तेव्हा कुणी खाकरलं नाही."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या उभ्याच होत्या.

"बरोबर बोलते ती," त्या म्हणाल्या. "माझ्या घराला सोडू नका. वर्षभर हात लावायचा नाही, नियम तो नियम. पण शिंपल्या उचला. आजच्या ओहोटीला उचला. तुमच्या पाया पडते." आणि खरंच वाकायला लागल्या, तेव्हा काकांनी घाईने हात धरले.

ओहोटीला सगळं गाव पट्ट्यात उतरलं. टोपल्या, पाट्या, बादल्या, दोन होड्या. आम्ही काठावर. माझी शिट्टी काकांनी आधीच काढून घेतली होती; मागितली तेव्हा त्यांना माझ्याकडे बघवेना आणि मला त्यांच्याकडे.

पण काम काही जमेना. कुणी हाताने गाळ उपसायचा तर वर यायच्या मेलेल्या. कुणी फावडं घातलं, जिवंत होत्या त्यांचे तुकडे झाले. तरणी पोरं-पोरी कधी पायाने काढायला शिकलीच नव्हती. त्यांच्या वाट्याला खाडी आली ती रिकामी. आणि पायाने काढणाऱ्या जुन्या बायका राहिल्या होत्या किती? एक खाटेला खिळली, एक मुलाकडे गेली, एकीला दिसत नाही. उरल्या दोघी. दोघींची घरं बाद.

सासूबाई काठावर उभ्या राहून ओरडत होत्या, "तिकडे नाही, डावीकडे! अगं, डावीकडे!" मग खाली बसल्या. "इथून मला काय कळतंय? पायाला कळतं ते." पाणी थोड्या वेळाने चढायला लागणार होतं. टोपल्यांच्या तळाशी चार चार शिंपल्या.

माझं डोकं फिरलं. अशा वेळी मला थांबता येत नाही, माझा स्वभावच तो.

"काका!" मी ओरडले. "नियम काय आहे? हात लावायचा नाही, असंच ना? हात!"

काका पाण्यात कमरेपर्यंत. "हो, मग?"

"मग पाय घालतील! हात नाही लावणार! पाय टाकायची बंदी होती ती पट्टा बंद असताना. आज अख्खं गाव आत नाचतंय!"

काकांनी डोकं खाजवलं. कुणीतरी म्हणालं, "हा काय पोरखेळ आहे?" कुणी म्हणालं, "बरोबर आहे की." एवढ्यात तुरतुरीने कासोटा घातलासुद्धा. ती कुणाच्या परवानगीला थांबली नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तुरुतुरु पाण्यात शिरली.

सासूबाई तिच्या मागोमाग. हात डोक्यावर, एखाद्याला पकडून नेतात तसे. काही पोरं हसली. मग दोघी थांबल्या, डोळे मिटले, पाय फिरवले आणि सासूबाई म्हणाल्या, "इथं. माझ्या उजव्या पायापाशी. हात घाल, हळू." जवळच्या एका मुलीने हात घातला. ओंजळभर आल्या, सगळ्या घट्ट मिटलेल्या. पुन्हा कुणी हसलं नाही.

मग काम लागलं. दोघी पुढं, थांबल्या की बाकीचे तिथं वाकायचे. अडचण एकच. शिंपली पायाला लागली की सासूबाईंचा हात आपोआप खाली जायचा. जन्मभराची खोड ती. पहिल्यांदा गेला तेव्हा काठावरून कुणीतरी ओरडलं, "हात!" त्या एखाद्या लहान मुलीसारख्या ओशाळल्या. मला ते बघवलं नाही. मी साडी खोचली, पाण्यात गेले आणि मागून त्यांची दोन्ही मनगटं धरली. काय ती मनगटं, नुसती हाडं! प्रत्येक शिंपलीला ती माझ्या मुठीत ओढ घ्यायची आणि मी धरून ठेवायची. पाणी चढेपर्यंत आम्ही तशाच चाललो, सासू पुढं आणि मी मागं.

तुरतुरी शेजारून चालत होती. गोड बोलणं वगैरे काही झालं नाही. एकदा ती म्हणाली, "सरक, तिकडे सगळ्या मेलेल्या आहेत." सासूबाई म्हणाल्या, "तुला काय कळतंय? खोल बघ." तुरतुरीने खोल पाय घातला आणि मुकाट्याने एका पोराला बोलावलं, "इथं आहेत रे." एवढंच त्यांचं बोलणं.

पाणी छातीला लागलं तेव्हा दोन्ही होड्या भरल्या होत्या. मुखाकडे नेऊन स्वच्छ वाळूत पेरल्या. एकही घरी न्यायची नाही असं काकांनी सांगितलं, आणि कुणी नेली नाही. किती जगतील ते पावसाळ्यानंतर कळेल. पण ज्यांना कळेल त्यांत आमचं घर नसेल.

घरी आलो. सासूबाईंनी लुगडं बदललं, भात शिजवला, पातळ केला, मीठ घातलं आणि वाटी घेऊन खाटेजवळ बसल्या. मामंजींनी वासावरूनच ओळखलं. पहिला चमचा ओठांना लागला आणि ओठ मिटले.

"आज नाही," सासूबाई म्हणाल्या. "आता नाही मिळायचं. मी चोरून आणत होते, तुम्हाला ठाऊक नव्हतं. आज सांगून टाकलं सगळ्यांना."

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ मिटलेलेच. सासूबाईंनी आणखी एकदा चमचा नेला. नाही. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकल्या. दिवसभर पाण्यात उभी बाई, बैठकीत न रडलेली बाई, तिथं आवाज न करता रडायला लागली. सकाळपासून त्यांच्या पोटात नुसता घोटभर चहा होता. मला वाटलं जाऊन जवळ घ्यावं, पण आमच्यात तशी सवय नाही. मी दारातच उभी राहिले.

खाटेवरून आवाज आला, शब्द नव्हे, नुसता घशातला. सासूबाईंनी वर बघितलं नाही. मामंजींनी चालता हात खाटेखाली सोडला, चाचपडत वाटी शोधली आणि बोटांनी ती सासूबाईंच्या पायाकडे ढकलली. थोडा भात सांडला. परत ढकलली.

"मी खाऊ?"

त्यांनी हो म्हणून डोळे मिचकावले.

सासूबाईंनी एक चमचा खाल्ला. दुसरा त्यांच्याकडे नेला. मामंजींनी तोंड वाकडं केलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंड उघडलं.

"पुढच्या वर्षी आपल्यालाही उघडेल," त्या म्हणाल्या. "तोवर राहायचं, कळलं?"

मामंजींनी घोट गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं.